हद्द कोणाची, काठी कोणाची

एखादा मोठा गुन्हा घडतो, दोन राज्यांच्या पोलिसांची जुंपते आणि चौथ्या दिवशी तोच तोडगा पुढे येतो. सगळ्या राज्यांचे पोलीस एक करा, कायदा एक करा, दोर दिल्लीच्या हाती द्या. ऐकायला इतके सोपे की ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो.

मान डोलावण्याआधी एक साधा प्रश्न. कायदा एक नव्हता कधी?

भारतीय दंड संहिता १८६० ची. रत्नागिरीत खून केला तरी ३०२ आणि रांचीत केला तरी ३०२. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता, म्हणून त्यांचा कायदा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१९ पर्यंत रणबीर दंड संहिता. असे अपवाद सोडले तर दीडशे वर्षे या देशातला चोर एकाच पुस्तकाने चोर ठरत आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८ झाले. आधी एकच पुस्तक होते, आताही एकच आहे.

फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्यालाही करता येतो, पण संसदेच्या कायद्याला छेद जात असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्राने महिलांवरील अत्याचारांसाठी ‘शक्ती’ विधेयक केले, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. संमतीअभावी त्याचा कायदा झालाच नाही. ते विधेयक चांगले की वाईट, हा वाद निराळा. पण फौजदारी कायद्यावर दिल्लीचा ताबा नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने मंत्रालयात चौकशी करावी.

उरले पोलीस.

आणि पोलीस राज्यांकडे राहिले ते चुकून नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडताना सांगितले की देशाच्या एकीसाठी न्यायव्यवस्था एक हवी, दिवाणी-फौजदारी मूळ कायदे सारखे हवेत, वरिष्ठ सनदी सेवा अखिल भारतीय हवी. एकसारखेपणाचे महत्त्व या माणसाला कोणी शिकवायला नको. त्याच घटनेत ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे दोन विषय राज्यसूचीत आहेत, पहिल्या दोन क्रमांकांवर. कायदा सगळ्यांचा, काठी ज्याची त्याची.

वरचा अधिकारी मात्र तेव्हापासूनच देशाचा. आयपीएसची निवड केंद्राची, प्रशिक्षण हैदराबादचे, नेमणूक राज्यात. म्हणजे डोके आधीच राष्ट्रीय आहे. आता हातपायही मागता?

ऑक्टोबर २०२२ मध्ये हरियाणातल्या सूरजकुंडला राज्यांच्या गृहमंत्र्यांचे चिंतन शिबिर झाले. पंतप्रधानांनी तिथे पोलिसांसाठी ‘एक देश, एक गणवेश’ ही कल्पना मांडली. सक्ती नाही, विचार करा, असेही म्हणाले. गणवेशाला माझी हरकत नाही. कोलकात्याचा पोलीस पांढरे कपडे घालतो. पण त्या पांढऱ्यामुळे तिथे चोर सुटतात, असे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

कापड बदलणे स्वस्त असते. आतला माणूस ज्याला घाबरतो तो बदलणे महाग.

आता समोरच्याची बाजू नीट ऐकू. त्याच्याकडे दाखले आहेत आणि ते खोटे नाहीत.

२६ जुलै २०२१. आसाम आणि मिझोरामच्या सीमेवर दोन राज्यांचे पोलीस एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. गोळ्या सुटल्या, आसामच्या पोलिसांचे जीव गेले. एकाच देशाचे पोलीस, एकाच देशाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी. हे पाहून कोणाची मान खाली जाणार नाही?

६ मे २०२२. पंजाबचे पोलीस दिल्लीत येऊन भाजपचे तेजिंदर बग्गा यांना अटक करून निघाले. दिल्ली पोलिसांनी पंजाबच्या पोलिसांवर अपहरणाचा गुन्हा नोंदवला. हरियाणाच्या पोलिसांनी कुरुक्षेत्रात ताफा अडवला. संध्याकाळपर्यंत बग्गा पुन्हा दिल्लीत. एका अटकेसाठी तीन पोलीस दले रस्त्यावर!

मग एकच दल हवे ना? थांबा.

त्या तिघांतले दिल्ली पोलीस आधीपासून केंद्राच्याच गृहखात्याखाली आहेत. पंजाबात सरकार आपचे, हरियाणात भाजपचे, केंद्रात भाजपचे. ज्याने ज्याला अडवले त्याचा नकाशा काढा आणि शेजारी पक्षांची नावे लिहा. त्या दिवशी महामार्गावर भांडण हद्दीचे नव्हतेच.

आणि आसाम-मिझोराम? गोळीबाराच्या दोनच दिवस आधी केंद्रीय गृहमंत्री शिलाँगला ईशान्येच्या मुख्यमंत्र्यांसोबत बसले होते. त्या सीमेवर केंद्रीय राखीव दलही होते. दिल्लीचा हात तिथे होता, डोळाही होता. एक दल नव्हते म्हणून ते घडले, असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे की जे हजर होते ते काय करत होते.

तपासाकडे वळू. कारण पोलीस हवेत ते मुळात त्यासाठी.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यात सातही आरोपींना सोडले. पहिला तपास राज्याच्या एटीएसचा. दुसरा आधी एटीएसचा, २०११ पासून केंद्राच्या एनआयएचा. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली, मालेगावात सहा. पहिल्या खटल्यात राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, वरचे निकाल व्हायचे ते होतील.

दहा दिवसांत दोन निकाल. एक राज्याचा तपास, एक केंद्राचा. पाटी बदलली म्हणून पुरावा पक्का झाला का? ज्यांच्या घरातले माणूस सकाळी डबा घेऊन गेले आणि परत आले नाही, त्यांना तपास कोणाकडे होता याने काय फरक पडला?

तपास का फसतो हे कोणत्याही पोलीस ठाण्यात एक दिवस बसून कळते. तपास करणारा फौजदार सकाळी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात. दुपारी गणपतीच्या शांतता समितीची बैठक. संध्याकाळी नाकाबंदी. रात्री अकराला तो कपाटातून केस डायरी काढतो. पंच मिळत नाहीत, मिळाले तर कोर्टात फिरतात. नमुने प्रयोगशाळेत जाऊन पडतात.

नव्या कायद्यात सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे कलम आहे. चांगलेच आहे, मनापासून स्वागत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. कलम लिहिले दिल्लीने, गाडी आणि माणूस द्यायचा राज्याने. कलमाला डिझेल लागत नाही, गाडीला लागते.

मग राज्ये धुतल्या तांदळासारखी आहेत का? मुळीच नाहीत.

उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. सात आदेश. महासंचालकाला किमान दोन वर्षे हलवू नका. ठाणेदारालाही तेवढी मुदत द्या. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा. बदल्यांसाठी मंडळ नेमा. पोलिसांविरुद्ध दाद मागायला प्राधिकरण नेमा. वाचताना वाटते, इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली?

सांगावी लागली, आणि सांगूनही झाली नाही. राज्यांनी कायदे केले ते बरेचदा आदेशातून निसटण्यासाठी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला. तरी २०२१-२२ मध्ये राज्याच्या महासंचालकपदावर कितीतरी महिने ‘प्रभारी’ माणूस होता आणि उच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले. ज्याला कायम केलेले नाही, तो मंत्र्याला नाही कसा म्हणणार?

राज्यांवर माझा राग याच कारणासाठी आहे. पोलीस आपला म्हणायचा आणि घरगड्यासारखा वापरायचा.

पण त्याच न्यायालयाचा तोच आदेश केंद्राला लागू करायची वेळ आली तेव्हा? जुलै २०२१ मध्ये राकेश अस्थाना निवृत्तीला चार दिवस उरलेले असताना दिल्लीचे पोलीस आयुक्त झाले. सेवेला वर्षाची मुदतवाढ. आव्हान दिले गेले. प्रकाश सिंह निकाल राज्यांच्या महासंचालकांसाठी आहे, दिल्लीच्या आयुक्तांना तो लागू नाही, अशी केंद्राची बाजू होती. उच्च न्यायालयाने नेमणूक कायम ठेवली. कायद्याने ठीक असेल. पण जो राज्यांना शिस्त लावायला निघाला आहे, त्याने शिस्तीतून सवलत का मागावी?

सीबीआयचे काय? मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय तिला पिंजऱ्यातला पोपट म्हणाले, तेव्हा सरकार काँग्रेसचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मध्यरात्री संचालकांना रजेवर पाठवले, तेव्हा सरकार भाजपचे. पिंजऱ्याची किल्ली दुसऱ्या खिशात गेली, दार तसेच बंद राहिले.

राज्याच्या हद्दीत तपास करायला सीबीआयला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये परत दिली. मधल्या दोन वर्षांत सीबीआय सुधारली होती का?

मुंबईतले सरकार बदलले होते.

एल्गार परिषदेचे प्रकरण आठवा. जानेवारी २०१८ पासून तपास पुणे पोलिसांकडे. दोन वर्षे केंद्राला त्यात खटकण्यासारखे काही दिसले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात आघाडीचे सरकार आले आणि जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला. आरोपींबद्दल तुमचे मत काहीही असू द्या. तारखा शेजारी शेजारी लिहा आणि बघा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सदर लिहायला बसलो.

गेल्या पावसाळ्यात लोकलमध्ये माझा फोन गेला. एका गर्दीच्या जंक्शनवर उतरलो आणि समोर दिसलेल्या खाकीकडे गेलो. फलाटावर खाकी दोन असतात, हे आपल्याला ठाऊक नसते. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. रेल्वेच्या मालमत्तेची राखण पहिल्याकडे, प्रवाशाचा खिसा कापला तर गुन्हा दुसऱ्याकडे. जवानाने मला अदबीने पलीकडचे दार दाखवले.

तिथे माझ्या आधी एक आजी बसल्या होत्या. पालेभाजीची टोपली पायाशी.

“काय गेलं, मावशी?” हवालदाराने विचारले.

“चंची.”

“कापडी?”

“खणाची.”

“आत काय होतं?”

“साडेसहाशे रुपये, अडकित्ता, चुन्याची डबी.”

“अडकित्ता लोखंडी का पितळी?”

“पितळी. सासूचा व्हता.”

त्याने लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. खणाची चंची एक, त्यात रोख सहाशे पन्नास, पितळी अडकित्ता एक, चुन्याची डबी एक. आजी म्हणाल्या, डबीचं राहू द्या, ती फुटकीच होती. त्याने डबी खोडली आणि पुन्हा वाचले. मग संगणकावर चढवले. आजींनी सही केली, एकेक अक्षर जोडत.

चंची म्हणजे काय, हे त्याला विचारावे लागले नाही.

मी तिथे फोनच्या तक्रारीसाठी बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. आजींचे साडेसहाशे मिळाले की नाही, मला माहीत नाही. पण त्या बाईचे नुकसान तिच्या शब्दांत कागदावर उतरले. तिला वाचून दाखवलेला जबाब तिला कळला आणि तिने त्यात दुरुस्ती केली. देशभर भरती होऊन, दर तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्या शिपायासमोर ती काय बोलली असती? दोष त्या शिपायाचाही नाही. आपल्या ह्या हवालदाराला उद्या इंफाळच्या बाजारात उभे केले तर तोही तिथे मुकाच.

न्याय मिळायचा तर आधी फिर्याद लिहिली जावी लागते.

स्कॉटलंडने १ एप्रिल २०१३ रोजी आठ पोलीस दले एकत्र केली. लोकसंख्या सुमारे ५५ लाख. आपल्या पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. इतक्या लहान देशाचे हे एकत्रीकरण. नियंत्रण कक्ष कमी करून मोजक्या ठिकाणी आणायचे काम चालू झाले. जुलै २०१५ मध्ये कोणीतरी फोन केला की एम-नाइन रस्त्याकडेला एक मोटार खाली गेलेली दिसते. फोन घेतला गेला, नोंद पुढे गेली नाही. तीन दिवसांनी मोटार सापडली. चालक गेलेला, शेजारची तरुणी जिवंत. चार दिवसांनी रुग्णालयात तीही गेली. पुढे न्यायालयाने पोलीस दलाला एक लाख पौंड दंड केला. तीन दिवस ती मोटार रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर होती.

नायजेरियात सगळे पोलीस घटनेनेच केंद्राचे आहेत. तिथली राज्ये आज काय मागत आहेत? स्वतःचे पोलीस.

जवळचा पोलीस चांगलाच असतो, असा माझा दावा नाही. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईचे पोलीस राज्याचेच होते. श्रीकृष्ण आयोगाने त्यांच्यातल्या काहींबद्दल जे लिहिले ते वाचायला आजही धीर लागतो. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत दिल्लीचे पोलीस केंद्राचे होते. सरकारी आकड्यानुसारच तिथे २,७३३ माणसे मारली गेली. दोन्हीकडे खाकी होती आणि दोन्हीकडे पाठ फिरली.

फरक पुढच्या पावलात आहे. राज्याचे पोलीस बिघडले तर केंद्राचे दल मागवता येते, तपास सीबीआयकडे द्या म्हणून न्यायालयात जाता येते.

सगळेच केंद्राचे झाले आणि तेच बिघडले, तर कोणाला बोलवायचे?

या प्रश्नाला एकत्रीकरणवाल्यांकडून मी आजवर उत्तर ऐकलेले नाही. ‘तसे होणार नाही’ हे उत्तर नव्हे. या देशात तसे झालेले आहे, राजधानीत झालेले आहे.

जोडायचे ते जरूर जोडा. एका राज्यात चोरलेली मोटारसायकल दुसऱ्या राज्याच्या ठाण्यात एका क्लिकवर दिसू दे. ठाणी जोडण्याचा सीसीटीएनएस प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला तो याचसाठी. गुन्हा कुठेही घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात घ्या. ही ‘शून्य’ क्रमांकाची नोंद आता कायद्यातच आली, उत्तम झाले. ‘आमची हद्द नाही’ हे वाक्य बाईला तीन ठाण्यांत हिंडवते, ते मरायलाच हवे. वह्या जोडा, बोटांचे ठसे जोडा. काठ्यांची मोळी बांधू नका.

आणि सुधारणा येते कुठून, तेही बघा. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या शिपायाला पहिल्यांदा वेळेवर घर दिसले. कल्पना एका शिपायाची. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकली, एका ठाण्यात करून बघितली, मग पुढच्या ठाण्यांत नेली. शिपाई आणि आयुक्त एकाच शहरात राहत होते, म्हणून कागद पोचला. तोच कागद दिल्लीला जायचा असता तर त्यावर किती शेरे पडले असते?

ज्यांना सगळे पोलीस केंद्राखाली हवेत, त्यांच्याकडे करून दाखवायला एक अख्खे दल आहे. राजधानीचे. तिथे राज्य सरकार आडवे येत नाही, कारण पोलीस त्याच्याकडे नाहीतच. राज्यसूचीची अडचण नाही, संमतीची भानगड नाही. तिथे तपास आणि बंदोबस्त कायमचे वेगळे करा. तिथल्या आयुक्ताला २००६ च्या आदेशाप्रमाणे निवडा आणि मुदतीआधी हलवू नका. तिथल्या शिपायाला आठ तासांची पाळी द्या. आणि त्या शहरात फिर्याद घेऊन आलेल्या बाईला तिच्या भाषेत तिचा जबाब वाचून दाखवा, भोजपुरीत, गढवालीत, मैथिलीत.

मग नागपूरच्या ठाण्याकडे बोट दाखवा.